हातभर अंतरावरचं सिंहासन

सरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही, कलकत्त्यात करमतंय का हेही विचारलं नाही. मंडळाच्या हॉलच्या पायरीवर त्यांनी छत्री टेकवली, मान किंचित वाकडी केली आणि म्हणाले, "तुम्हाला काय व्हायचं होतं?"

ह्यांची बँकेतली बदली होऊन आम्ही नुकतेच कलकत्त्याला आलो होतो. मला धड बंगाली येत नव्हतं, हिंदीही तसंच. मराठी बोलायला मिळेल म्हणून रविवारी मंडळात आले, तर पायरीवरच ही परीक्षा.

"काही नाही," मी म्हटलं.

"असं नसतं. आठवून ठेवा. मी परत विचारीन."

आणि त्यांनी विचारलं. दर रविवारी विचारलं. शेवटी एकदा वैतागून मी सांगून टाकलं की माझे वडील मिरजेच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर नोकरीला होते आणि लहानपणी मला स्टेशनमास्तर व्हायचं होतं.

"स्टेशनमास्तर, की झेंडा?"

मी हसले. "झेंडा. हिरवा."

सरांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांच्या हातात मी काही मौल्यवान वस्तू ठेवली होती. "तुमच्या उंचीला झेंडाच येत होता ना! खुंटीला लावलेला असणार. हातभर अंतरावर." आणि छत्री उचलून ते खूश होऊन निघून गेले.

सर एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांचे आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सरांचा जन्म भवानीपूरचा, शाळा भवानीपूरची, घर त्याच गल्लीत. लग्न केलेलं नव्हतं. धोतर बंगाली पद्धतीने चुणीदार नेसायचे आणि वर काळी टोपी घालायचे. असं मिश्रण मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. मराठी अगदी पुण्याचं बोलायचे, पण उत्साहात आले की त्यातून बंगाली डोकं वर काढायचं. "वहिनी, चहा खाणार?" हे त्यांचं नेहमीचं. आणि बंगालीत तो-ती-ते ही भानगड नसल्यामुळे बोलण्याच्या भरात सरांचा तलवार, सरांचा खुर्ची आणि सरांची दरवाजा, सगळे वेश बदलून यायचे. त्यांची चूक दुरुस्त केली की रागवायचे नाहीत. "हां, ती तलवार," असं म्हणून वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायचे.

त्यांचा तो प्रश्न फक्त आम्हा मराठी मंडळींसाठी नव्हता. ट्राममध्ये, बाजारात, पानवाल्याकडे, जिथे दोन क्षण थांबायला मिळेल तिथे ते विचारत, "आपनि की होते चेयेछिलेन?" लोक आधी चमकत, मग विचारात पडत, आणि मला नवल वाटायचं ते याचं, की बहुतेक सगळे उत्तर देत. ट्रामच्या कंडक्टरला ड्रायव्हर व्हायचं होतं. मासेवाल्याला बाजाराच्या दाराजवळचा ओटा हवा होता. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना, सरांनी मला कानात सांगितलं, चिटणीस व्हायचं होतं. "झाले तेव्हा पुढची खुर्ची दिसायला लागली."

"पण राजा कुणालाच व्हायचं नव्हतं?" मी विचारलं.

"छे! दूरचं सिंहासन कुणाची झोप मोडत नाही, वहिनी. ते हातभर अंतरावर येऊ दे, मग बघा."

हे ते एका नाटकातून शिकले होते. एक जुनी विलायती शोकांतिका होती, सर ती वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवत आले होते. शूर सेनापती, त्याच्यावर विसंबलेला म्हातारा राजा, आणि राजाच्या इतक्या जवळ पोचल्यावर सेनापतीच्या मनात शिरलेला किडा. राजा विश्वासाने त्याच्या घरी मुक्कामाला येतो आणि सकाळ बघत नाही. सेनापती गादीवर बसतो आणि मग त्याची सगळी वाताहत होते. त्यांचे विद्यार्थी सांगायचे, सर राजाच्या खुनापर्यंतच शिकवतात. पुढचं कुणी विचारलं तर म्हणतात, "पुढे शिकवण्यासारखं काय आहे? पुढचं आपोआप होतं. माणूस राजाच्या दाराबाहेर उभा असतो, तेवढाच वेळ बघण्यासारखा."

त्यांना एकदा विभागप्रमुख करत होते, ते त्यांनी नाकारलं होतं. मला हे ह्यांच्याकडून कळलं, म्हणून मी सरांनाच विचारलं. ते कुरमुरे आणि हिरवी मिरची खात बसले होते. मिरचीचा तुकडा तोडत ते म्हणाले, "खुर्ची इतका जवळ आला होता..."

"आली होती."

"हां, आली होती. इतकी जवळ आली होती की मला तिच्या वेताचा वास यायला लागला. मी पळालो." मग स्वतःवर खूश होत म्हणाले, "नाटक शिकवण्याचा एवढा तरी उपयोग व्हायला पाहिजे."

मला तेव्हा ते फार पटलं होतं. ज्या माणसाला रोग इतका नीट ओळखता येतो, त्याला तो होणार नाही असंच मी धरून चालले.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मंडळाच्या गणपतीत काहीतरी भारदस्त करायचं ठरलं आणि सरांनी आपल्या पेटीतून त्या शोकांतिकेचं स्वतः केलेलं मराठी रूप बाहेर काढलं. मंडळात सगळे त्याला नुसतं 'सेनापतीचं नाटक' म्हणायला लागले. सेनापतीची बायको, जी त्याला पुढे ढकलते, ते काम माझ्याकडे आलं. मंडळातल्या दोन-तीन वयस्क बायकांनी नाकं मुरडली, पण हे म्हणाले, "कर. घरी सराव आहेच."

सेनापती कोण, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. फोर्ट विल्यममध्ये कॅप्टन निंबाळकर म्हणून एक अधिकारी होते. सहा फुटी, खणखणीत आवाज, मिशा अशा की चिकटवायची गरज नाही. सरांनी त्यांना राजाचं काम दिलं. आणि सेनापती म्हणून बोट दाखवलं ते गोगट्यांकडे.

हॉलमध्ये हशा पिकला. गोगटेही हसले, कारण त्यांना ती थट्टाच वाटली.

गोगटे बराकपूरला छावणीच्या एका मुलकी कचेरीत होते. रविवारी गाडीने सियालदहला यायचे, तिथून ट्रामने मंडळात, आणि आल्या आल्या सतरंज्या घालायला लागायचे. अंगाने बारीक, खांदे पुढे आलेले. कुणाशी बोलताना आपण त्याच्या वाटेत तर उभे नाही ना, अशा बेताने एका बाजूला सरकून बोलायचे. "गोगटे, जरा ते टेबल," "गोगटे, जरा पाणी." आमच्याकडे 'गोगटे, जरा' हेच त्यांचं पूर्ण नाव होतं.

"सर, ह्यांच्या हातात तलवार कशी दिसेल?" अध्यक्ष म्हणाले.

"ज्याच्या हातात ती शोभते, त्याला मोह दाखवण्यात काय मजा?" सर म्हणाले. "मला असा माणूस हवाय, ज्याला आजपर्यंत कुणी काही दाखवलंच नाही."

तालमी सुरू झाल्या. सरांनी गोगट्यांना पहिले कितीतरी दिवस एकही वाक्य म्हणू दिलं नाही. नुसतं उभं राहायला लावलं. "वाटेतून सरकू नका, गोगटे. लोकांना तुमच्या बाजूने जाऊ दे." गोगटे घामाघूम व्हायचे. मग हळूहळू चालणं. मग बसणं. मग एक वाक्य. आणि एक दिवस गोगट्यांनी असा काही आवाज काढला की दारात चहाचे कप घेऊन आलेला नोकर तिथेच थबकला. आवाज मोठा नव्हता. जमिनीतून आल्यासारखा होता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. सर मात्र कुणाकडेच बघत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते.

सगळ्यात जास्त मेहनत त्यांनी घेतली ती दाराच्या प्रवेशावर. आत राजा झोपलाय, हातात खंजीर घेऊन सेनापती दाराशी येतो. "इथे थांबा," सर सांगायचे. "थांबा. लोकांना वाटलं पाहिजे, हा परत फिरणार. तुम्हालाही वाटलं पाहिजे." गणपतीतल्या प्रयोगात गोगटे तिथे इतके थांबले, की प्रॉम्प्टर घाबरून पुढचं वाक्य सांगायला लागला. पुढच्या रांगेतल्या एक आजी चक्क म्हणाल्या, "नको रे बाबा, फिर मागे." गोगट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग आत गेले.

त्या प्रयोगानंतर गोगटे बदलले. मंडळात कुणी "गोगटे, जरा" म्हटलं तर करायचे, पण आधी हातातलं पान खाऊन संपवायचे. एकदा अध्यक्ष बोलत असताना त्यांनी मधेच "माझं मत वेगळं आहे" असं म्हटलं आणि अध्यक्ष चूप बसले. गोगटेवहिनी मला म्हणाल्या, "कपाटाच्या आरशात बघून भांग पाडतात हल्ली. आधी न बघताच पाडायचे."

बदललेला दुसरा माणूस मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आला नाही.

प्रयोगाला काही बंगाली मंडळी आली होती. त्यांतले एक गृहस्थ थोड्याच दिवसांनी सरांकडे आले. उत्तर कलकत्त्यातल्या एका मोठ्या जुन्या थिएटरात ते निरनिराळ्या भाषांतल्या शोकांतिकांचा उत्सव भरवत होते, त्यात मराठी म्हणून आमचं नाटक त्यांना हवं होतं. आणि बंगाली रंगभूमीवरचे एक थोर, आता थकलेले नट पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार होते. मला हे सांगताना सर हातातला चहा प्यायचंच विसरले. शाळेत असताना सर गॅलरीत बसून त्या नटाची नाटकं बघायचे. घरी न सांगता, चालत जायचे आणि चालत यायचे. एकदा थिएटरच्या मागच्या दाराशी त्यांनी त्या नटाला गाडीत बसताना पाहिलं होतं. शालीचं टोक आपल्या हाताला लागलं, असं सर सांगायचे.

"ते बघणार, वहिनी," सर म्हणाले. "माझी नाटक ते बघणार."

"माझं नाटक," मी म्हटलं. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं नाही. ऐकूच गेलं नसावं.

त्यानंतर तालमी आठवडाभर बंद होत्या. पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी मी हॉलमध्ये पोचले, तर मधोमध कॅप्टन निंबाळकर उभे होते आणि सेनापतीची वाक्यं म्हणत होते. पाठ होती सगळी. सर आठवडाभर फोर्ट विल्यममध्ये त्यांच्या क्वार्टरवर जाऊन त्यांची तयारी करून घेत होते, हे नंतर कळलं. मी काही विचारणार तेवढ्यात दारात गोगटे आले. सियालदहहून आलेले, हातात सगळ्यांसाठी आणलेला संदेश मिठाईचा पुडा. ते दारातच थांबले आणि आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले.

"या, गोगटे," सर म्हणाले. त्यांच्याकडे न बघता. "थिएटर फार मोठं आहे हो ते. तुमचा आवाज तिथे पोचायचा नाही. तुम्ही राजा करा. राजाचं कामही मोठंच आहे."

गोगट्यांचा आवाज कुठवर पोचतो ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हो, सर," गोगटे म्हणाले. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला, आणि ठेवताना कॅप्टनच्या वाटेतून जरासे बाजूला सरकले.

चहाच्या वेळी कॅप्टन माझ्याजवळ आले. "वहिनी, गोगट्यांना खरंच नको होतं ना हे काम? सर म्हणाले, त्यांनी आपणहून सोडलं."

कॅप्टन सरळ माणूस होते. माझ्या चेहऱ्यावरून ते समजले आणि त्यांनी कप खाली ठेवला. पण तोवर वेळ थोडा उरला होता, थिएटर ठरलं होतं, आणि सरांना नाही म्हणण्याचं बळ कुणातच नव्हतं. गोगट्यांनीच कॅप्टनना सांगितलं, "तुम्ही करा साहेब. छान दिसता."

मला राग आला होता, पण रागापेक्षा मोठं कुतूहल होतं. हा माणूस रोज उठून अख्ख्या कलकत्त्याला विचारत फिरतो. खुर्चीच्या वेताचा वास आला म्हणून पळालेला माणूस. याला दिसत कसं नाही? की दिसतंय? एकदा घरी जाताना आम्ही एकाच ट्राममध्ये होतो. मी धीर करून म्हटलं, "सर, सेनापती जर तुमच्या वर्गात असता, तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी नीट केली. आणि त्यांचा थांबा यायला अवकाश असताना ते उतरून गेले. ट्राम पुढे निघाली तेव्हा मला ते फुटपाथवर उभे दिसले. चालत नव्हते.

पुढे काय झालं असतं कोण जाणे. प्रयोग तोंडावर आलेला असताना कॅप्टनना हुकूम आला. सरहद्दीवर बदली, ताबडतोब. कॅप्टन सगळ्यांना भेटायला आले, गोगट्यांचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून उभे राहिले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आमच्या घरी आले. बसले नाहीत. "वहिनी, बराकपूरला याल माझ्याबरोबर? तुम्ही असलात तर ते दार उघडतील."

गोगट्यांनी दार असंही उघडलं असतं. पण दार उघडलं गोगटेवहिनींनी. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पोहे केले. खोबरं घातलेले, वर लिंबू. सरांनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. गोगटे समोरच्या स्टुलावर बसले होते. सर म्हणाले, "गोगटे, तुमचा काम तुम्ही परत घ्या."

कुणी त्यांचं 'तुमचा' दुरुस्त केलं नाही.

गोगटे काही बोलायच्या आत वहिनी बोलल्या. आवाज चढवला नाही. "सर, यांना असं ताठ उभं राहिलेलं मी लग्नापासून पहिल्यांदा बघितलं. ते तुम्हीच केलंत, मी नाही म्हणत नाही. मग तुम्हीच त्यांना खाली बसा म्हणालात. आता पुन्हा उठा म्हणताय. माणूस आहे हो तो."

सरांची मान खाली गेली. "खरं आहे," ते म्हणाले. "आवाजाचं मी खोटं बोललो. कॅप्टनशीही खोटं बोललो. मला वाटलं, त्या थोर नटाने बघावं तर... देखणं बघावं." शेवटचा शब्द त्यांनी इतक्या हळू म्हटला की मला तो अंदाजाने समजला.

गोगटे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मी येतो, सर. नाटक पडू देणार नाही. पण राजाच करतो. राजा बसवलाय मी आता."

"आणि सेनापती?"

"सेनापती तुम्ही करा. सगळं पाठ आहे तुमचं." आणि मग, "आता तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

हे त्यांनी टोचून म्हटलं की मनापासून, यावर मी नंतर कितीतरी वर्षं विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. सर जन्मात रंगमंचावर उभे राहिलेले नव्हते.

परत येताना आम्ही सियालदहला उतरलो. तिथल्या फलाटावर त्या काळात पूर्व बंगालातून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं राहायला होती, चुली मांडून. सरांना एकदम बसावंसं वाटलं. एका म्हाताऱ्याने आपलं गाठोडं सरकवून त्यांना बाकावर जागा करून दिली. दोघं शेजारी शेजारी बसले. म्हातारा बोलका वाटत होता, त्याने सरांना आपणहून कुठे जाणार वगैरे विचारलंही. पण सरांनी त्याला तो प्रश्न विचारला नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना तो कुणालाच विचारताना ऐकलं नाही.

पुढे दोन वर्षांनी आमची नागपूरला बदली झाली. सर सेवानिवृत्त होऊन त्याच गल्लीत राहिले आणि तिथेच गेले. शेवटच्या आजारात गोगटे पती-पत्नी रोज बराकपूरहून येऊन त्यांचं करत असत, असं मंडळातल्या एका बाईंनी मला नागपूरला आल्या होत्या तेव्हा सांगितलं. म्हणजे त्या प्रयोगानंतरही त्यांचं येणं-जाणं राहिलं. त्या प्रयोगाचं मी सांगते.

थिएटर खरंच मोठं होतं. पण गोगट्यांचा राजा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. तो इतका विश्वासाने वागणारा राजा होता, की उठून त्याला सावध करावंसं वाटायचं. सरांना सेनापतीचा पोशाख ढगळ झाला होता. कॅप्टनच्या मापाने शिवलेला, तो टाचण्या लावून आवळला होता. एकदा ते खणखणीत आवाजात "माझा तलवार" म्हणाले, पण समोर बहुतेक बंगालीच होते, कुणी हसलं नाही. मी विंगेत उभी राहून देवाचं नाव घेत होते.

मग दाराचा प्रवेश आला. सर खंजीर घेऊन आले. इथे थांबायचं. आता थांबतील, आता थांबतील, असं मी म्हणते आहे, तोवर ते दार ढकलून आत गेलेसुद्धा. जराही थांबले नाहीत. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं तसे गेले. सबंध थिएटरातून एक आवाज आला, खूप माणसांनी एकदम श्वास ओढल्यासारखा. पुढचं वाक्य माझं होतं, पण मी ते विसरले. सर बाहेर आले तेव्हाही मला आठवलं नव्हतं, आणि त्यांनी ते माझ्या वतीने म्हणून टाकलं.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेले. सर पोशाखातच एका खोक्यावर बसले होते. गोगटे केव्हाच आपल्या शर्ट-धोतरात आले होते आणि कपड्यांच्या घड्या घालत होते. गोगटेवहिनी दारात उभ्या होत्या. तेवढ्यात ते उत्सव भरवणारे बंगाली गृहस्थ धावत आले आणि हात जोडून माफी मागायला लागले. ते थोर नट येऊ शकले नव्हते, दुपारपासून ताप होता. पहिल्या रांगेतली खुर्ची तशीच रिकामी राहिली.

"मी पाहिलं," सर बंगालीत म्हणाले. "पहिल्याच प्रवेशात. त्यांना म्हणावं, तब्येत सांभाळा."

गृहस्थ गेले. मला राहवलं नाही. "सर, तुम्ही दाराशी थांबला नाहीत."

"नाही."

"विसरलात?"

त्यांनी मान हलवली. "इतकी वर्षं मी थांबायचं शिकवलं. पोरांना शिकवलं, गोगट्यांना शिकवलं. आज तिथे पोचलो आणि लक्षात आलं, तो थांबत नाही हो. मी कुठे थांबलो होतो? फोर्टात जाताना मला रस्त्यात नुसतं बरं वाटत होतं. गोगटे थांबले, कारण गोगटे भले आहेत."

गोगट्यांच्या हातातली घडी अर्धवट राहिली. सर उठले, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी तोंडावर मारलं आणि पोशाखाच्या बाहीने पुसायला लागले. तेलाचा रंग तो. पाण्याने जातो कुठे? दाढीचा काळा गालावर आला, गालाचा लाल कपाळावर गेला. ते आणखी जोराने घासायला लागले.

"सर, असं नाही जात ते," गोगटे म्हणाले. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणि एक जुनं फडकं घेतलं, सरांचे खांदे धरून त्यांना पुन्हा खोक्यावर बसवलं आणि समोर उभे राहिले. "डोळे मिटा."

सरांनी डोळे मिटले. गोगटे त्यांच्या कपाळावरून, भुवयांवरून, नाकाच्या बाजूने सावकाश फडकं फिरवत होते, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. सरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही ते पुसत होते.

"अहो, चला," वहिनी दारातून म्हणाल्या. "गाडी चुकेल."

"चुकू दे," गोगटे म्हणाले. "कानामागे राहिलंय अजून."